मामांच्या मापाची खोली

आमच्याकडे बैल बघायला गेलं की आधी खूर बघतात, मग दात. शिंगं सगळ्यात शेवटी, कारण शिंगांनी नांगर ओढला जात नाही. त्या हॉटेलात मी पाय ठेवला तेव्हा काउंटरमागच्या म्हाताऱ्याने मला अगदी तसंच बघितलं. आधी चपला, मग खांदे, मग पोट. पोटापाशी डोळे जरा जास्तच रेंगाळले. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "थांबा जरा. वळा बघू."

मी वळलो. का वळलो ते विचारू नका. गळ्यात टेप अडकवलेला माणूस वळा म्हणाला की माणूस वळतोच.

"दोन नंबर," ते म्हणाले.

"मी तर सात नंबर सांगितली होती. गच्चीतून समुद्र दिसतो ती."

"सातचा नळ बिघडलाय."

मी त्या शहरात दात बसवायला गेलो होतो. वरचे सगळे काढून झाले होते आणि डॉक्टर म्हणाला, कवळी तीन वेळा तोंडात घालून बघावी लागेल, दहा दिवस इथेच राहा. म्हटलं, राहायचंच आहे तर समुद्र तरी बघू. शहर जुनं, तटबंदीच्या आतलं. तटावर तोफा आहेत, तोंडं समुद्राकडे, आणि त्या तोंडांत चिमण्यांची घरटी. लोक लांबून लांबून येतात, तोफेवर हात ठेवून फोटो काढतात, चिमण्या ओरडत बसतात. हॉटेल त्या तटाला खेटून असलेल्या गल्लीत. दोन घरांच्या मध्ये कुणीतरी पाचर मारावी तसं उभं, अरुंद, तीन मजली, वर पोटमाळा. नऊ खोल्या. खालच्या मजल्यावर पूर्वी जहाजांचे दोरखंड ठेवत म्हणे. अजून दमट दिवशी भिंतीला डांबराचा वास येतो.

मी दोन नंबरमध्ये गेलो तो मनात चरफडत. पण खोली बघितली आणि चरफडायला काही सापडेना. पलंग बसका. जिना नाही. दार उघडलं की छोटं फरसबंद अंगण, कडेला मोरी. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे, म्हणजे कोमट पाणी आणि मऊ खाणं हाकेच्या अंतरावर. हिरड्या सुजलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून जिने चढून सात नंबर बघायला वर गेलो. दार उघडं होतं. आत तो म्हातारा कुंड्यांसाठी घागर भरत होता, आणि नळाला अशी धार की घागर दोन मिनिटांत भरली.

"नळ?" मी म्हणालो.

"आत्ताच सुधारला," ते म्हणाले, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग मात्र दोघांनाही हसू आलं. माझं हसणं बिनदाताचं, त्यामुळे त्यांना आणखीनच आलं.

त्यांना सगळे मामा म्हणत. हॉटेल चालवणाऱ्या बाईचे ते सख्खे मामा, आणि ती मामा म्हणते म्हणून पाहुणेही मामाच म्हणत. चाळीस वर्षं त्याच गल्लीत त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंनी कापड आणि चौथ्या बाजूला रस्ता. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की मामांच्या डोक्यात माप तयार. टेप लावायचे ते गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. पुढे तयार कपडे आले. लोक शिवायला यायचे बंद झाले, नुसत्या विजारी आखूड करायला यायला लागले, आणि मग तेही थांबलं, आखूड विजारीसुद्धा तयार मिळायला लागल्या. मामांनी दुकानाला कुलूप लावलं. बहीण वारली होती, भाची एकटी हॉटेल ओढत होती. ती म्हणाली, मामा, काउंटरवर येऊन बस. मामा आले, येताना टेप गळ्यात घालूनच आले.

"खोली म्हणजे काय हो, मोठा सदराच," घागर उचलत ते मला म्हणाले. "एका मापाचा सगळ्यांना कसा बसेल? तुमचा उजवा गुडघा दुखतो. तुम्ही सगळा भार डाव्या पायावर टाकून उभे होता. आणि दात काढलेला माणूस, दिवसातून दहा वेळा चुळा भरणार. इथे वर कुठे थुंकणार होता? समुद्रात?"

नऊच्या नऊ खोल्या त्यांना अशा पाठ. चार नंबरला सकाळी साडेसहाला ऊन थेट तोंडावर, ती आळशी माणसाला. नऊ पोटमाळ्यावर, तुळई खाली आलेली, ती बुटक्याला. सहासमोर घड्याळाचा मनोरा, ती बहिऱ्याला किंवा ज्याची झोप मेल्यासारखी आहे त्याला. आठ नंबर इतकी अरुंद की दोन माणसांना एकमेकांना चुकवून जाता येत नाही. "नवराबायको भांडून आले की आठ नंबर," मामा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हसत खाली येतात. बाजूला हो म्हणायला तरी बोलावं लागतंच ना."

अडचण एवढीच, की आता लोक घरी बसून फोनवर फोटो बघून खोली ठरवून येत. सुरुवातीला मामांनी खरं सांगून बघितलं. एका जाड्या गृहस्थाला म्हणाले, ही खोली तुम्हाला काखेत काचेल. तो गृहस्थ भाचीशी भांडून दुसऱ्या हॉटेलात गेला. तेव्हापासून नळ.

"नळ बिघडलाय म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही," मामा म्हणाले.

"माझा होतो," दारातून आवाज आला.

दारात प्लंबर उभा होता, हातात पाना. तो महिन्याचा फेरा करायला आला होता आणि जिन्यात उभा राहून त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने पाना काखेत धरला, खिशातून फोन काढला आणि वाचायला लागला. "खोल्या सुंदर, माणसं प्रेमळ, नळ मात्र एकही धड नाही. पुढचं ऐका. जागा स्वर्गासारखी, पण नळांकडे कुणी बघतं की नाही? मामा, असे एकतीस अभिप्राय आहेत. मी बघतो नळांकडे. आख्ख्या शहराला माहीत आहे मी बघतो. परवा एक बाई मला दारातूनच म्हणाली, त्या हॉटेलचे नळ तुमच्याकडेच ना, मग राहू द्या."

एवढ्यात भाची चादरींचा गठ्ठा घेऊन वर आली. चाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, बोलायला लागली की समोरच्याने आडोशाला भिंत शोधावी अशी. तिने प्लंबरकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मग धो धो वाहणाऱ्या नळाकडे बघितलं. नळ बंद करायला कुणाला सुचलंच नव्हतं.

"म्हणजे मामा," ती हळू म्हणाली, "तीन वर्षं मी दर महिन्याला वायसर बदलून घेतेय, ते कशाला?"

"वायसर बदललेले चांगलेच असतात," मामा म्हणाले.

"तूच सांगायचास, सातचा गळतोय, चारला धार नाही. मी ह्याला बोलावून बोल लावायचे."

"मी उघडून बघायचो, तर नळ ठणठणीत," प्लंबर म्हणाला. "मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय."

भाचीने गठ्ठा पलंगावर टाकला. "ऐक मामा. ह्यापुढे ह्या घरात एक जरी नळ बिघडला, तर काउंटर सोडायचं. वर कपड्यांच्या खोलीत बसायचं. अभ्रे, चादरी, पडदे. शिवणकामच आहे, तुझ्याच हातचं."

ती गेल्यावर मामा बराच वेळ कुंडीत पाणी ओतत राहिले, ते खालून वाहून गच्चीभर झालं. "अभ्र्याला काय माप?" ते मला म्हणाले. "सगळ्या उशा सारख्या. दुकान बंद झाल्यावर वर्षभर घरी बसलो होतो मी, समोर माणूस म्हणून नाही. इथे दिवसाला चार तरी येतात. आत येतात, समोर उभे राहतात. आणखी काय पाहिजे शिंप्याला?"

दोन दिवस मामांनी शब्द पाळला. मी काउंटरसमोरच्या बाकावर बसून सगळं बघत होतो. दात नसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. एक उंच गडी आला, ताडासारखा, आणि त्याने पोटमाळ्यावरची नऊ घेतलेली. मामांनी चावी दिली. पाच मिनिटांनी वरून ठण्ण आवाज आला. मामांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. सकाळी तो गडी खाली येईपर्यंत तीनदा ठण्ण झालं, आणि तीनही वेळा मामाच विव्हळले. गडी मात्र कपाळावर टेंगूळ घेऊन हसत आला. म्हणाला, काय सुंदर माळा आहे. मामा माझ्याकडे वळून पुटपुटले, "चावणारे बूटही लोक हौसेनेच घेतात."

तिसऱ्या दिवशी दुपारी एक कोटवाली बाई आली.

पंचावन्नच्या आसपास वय, केस अगदी बारीक कापलेले, लांबच्या बसप्रवासाने चेहरा उतरलेला. अंगात राखाडी कोट. मामांनी तिच्याकडे बघितलंच नाही, कोटाकडे बघितलं. शिंपी ते, कोट पुढे आला की माणूस मागे राहतो. काजं हाताने केलेली, अस्तर आतून तिरकं कापलेलं, कॉलर वळवावी तिथे वळलेली. कुणातरी उस्तादाने माप घेऊन शिवलेला कोट होता तो. पण बाईच्या अंगावर तो वाळत घातल्यासारखा लोंबत होता. बाह्या बोटांपर्यंत, खांदे दंडावर उतरलेले. आत आणखी एक बाई मावली असती.

मामांच्या डोक्यात काय चाललंय ते मला बाकावरून दिसत होतं. मापाने शिवलेला कोट वाढत नसतो, आतला माणूस आटतो. त्यात हे कापलेले केस, हा चेहरा. मोठ्या दुखण्यातून उठलेली बाई. बघता बघता मामा सुतावरून स्वर्गाला पोचले होते.

"सात नंबर, चार दिवस," बाई म्हणाली. "चार महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलीय."

सात नंबरला अडतीस पायऱ्या. मामांनी जिन्याकडे बघितलं, मग भाची कुठे दिसते का ते बघितलं. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. मामांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं.

"सातचा नळ बिघडलाय," ते म्हणाले.

"मग समुद्राकडची दुसरी द्या."

"त्या बाजूचे सगळे नळ एकाच पाइपवर आहेत."

बाई दमली होती. तिने एक नंबरची चावी घेतली, माझ्या शेजारची, जिथून वाळत घातलेले टॉवेल दिसतात. संध्याकाळपर्यंत मामा तिच्याकडे तीनदा जाऊन आले. एकदा जादा रग घेऊन, एकदा गरम पाणी घेऊन, आणि एकदा नुसतं विचारायला, की काही पथ्य असेल तर स्वयंपाकघरात सांगू का. बाई म्हणाली, पथ्य कशाचं? मामांनी समजुतीने मान हलवली. काही लोकांना दुखण्याचं बोलायला आवडत नाही.

सकाळी ऊन अंगणात उतरलं होतं आणि मी चूळ भरत होतो, तेव्हा मामा धावत आले. हातात गरम पाण्याचा थर्मास. "बाई खोलीत नाही. दार नुसतं लोटलेलं. अंथरूण गार."

"फिरायला गेली असेल."

"त्या तब्येतीत?"

आम्ही निघालो. मामा पुढे थर्मास घेऊन, मी मागे गुडघा घेऊन. गल्लीच्या टोकाला तटाचा लहान दरवाजा, तिथून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. वरच्या पायरीवर तो राखाडी कोट व्यवस्थित घडी करून ठेवलेला. मामा थर्मास तिथेच ठेवून पाण्याकडे उतरायला लागले. शेजारी एक कोळी जाळं निवडत बसला होता. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं आणि हनुवटीने समुद्र दाखवला. लांब, नांगरलेल्या पडावांच्याही पलीकडे, एक काळं डोकं आणि दोन हात. हात एकामागून एक निघत होते, शिलाई मशीन चालावी तसे, न चुकता.

"तासभर झाला," कोळी म्हणाला. "तिसरी खेप आहे. आम्हीसुद्धा एवढं जात नाही."

बाई आली, पायऱ्या दोन-दोन करून चढली, कोट खांद्यावर टाकला आणि आमच्याकडे बघून थांबली. "तुम्ही दोघं इथे काय करताय?"

"तुम्ही आजारी आहात ना?" मामा म्हणाले.

"कोण म्हणालं?"

"कोट म्हणाला."

मग पायरीवरच सगळं बाहेर आलं. कोट तिच्या थोरल्या बहिणीचा होता. थोरली हिच्या दीडपट. समुद्रावर वारा असतो म्हणून हिने मागून आणला होता. ही तीस वर्षं शाळेतल्या पोरांना पोहायला शिकवते, केस त्यासाठीच बारीक. आणि सात नंबर हवी होती ती अशासाठी, की तिच्या गच्चीतून बुडते खडक दिसतात. खडकांवर पाणी किती चढलंय ते बघून मग पोहायला उतरायचं, असा तिचा बेत होता. चार महिने तिने त्या गच्चीचा फोटो जपून ठेवला होता.

"आणि आज मी अंदाजाने उतरले," ती म्हणाली. "गुडघा खरवडून घेतला. नळाचं काय झालंय?"

मामांना बाकी काही लपवता आलं असतं, पण त्या कोटासमोर खोटं बोलवेना. त्यांनी सांगितलं.

बाई ओरडली नाही. चालत हॉटेलात आली. काउंटरवर भाची होती. "सात नंबरचा नळ सुधारला असेल तर चावी द्या," ती म्हणाली. भाचीने मामांकडे बघितलं. बस, एवढंच. मामांनी काउंटरवरचा आपला चष्मा उचलला आणि वर कपड्यांच्या खोलीत निघाले. जिन्यात मला म्हणाले, "नळाचं काही वाटत नाही मला. पण ती चावी घेताना दोनदा बाहीतून हात शोधत होती. स्वतःच्या कोटात माणूस हात शोधतो का कधी? ते मी बघितलं आणि अशक्तपणा समजलो. दुकान बंद केलं तेच बरं झालं."

त्यानंतर दोन दिवस भाची काउंटरवर बसली, आणि मला इमानाने सांगितलं पाहिजे की काहीही बिघडलं नाही. ज्याने जी खोली मागितली ती त्याला मिळाली. चाव्या गेल्या, चाव्या आल्या. प्लंबर एकदा डोकावून, खुशीत शीळ घालत गेला. फक्त धुणं तुंबलं. भाची खाली अडकल्यावर दोरीवरच्या चादरी कोण काढणार? मामा वर मुकाट्याने अभ्रे शिवत होते. मी कवळीची दुसरी ट्रायल तोंडात घालून, गुडघ्याला शिव्या देत वर गेलो, तर त्यांनी चौदा अभ्रे संपवले होते आणि माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. माझ्या नव्या दातांकडेसुद्धा नाही.

तेवढ्यात कोटवाली बाई आली. कोट तिने मामांच्या मांडीवर टाकला. "बहीण फोनवर म्हणाली, आता तुझ्याकडेच ठेव. तर माझ्या मापाचा करून द्या. पण या वेळी टेप लावून."

मामांनी कोटावर हात फिरवला. तो कुणी शिवला असेल ते त्यांनी विचारलं, बाईला माहीत नव्हतं. मग ते उठले, टेप काढला, खडू घेतला आणि माप घ्यायला लागले. तोंडही चालू झालं. आत स्वेटर घालता की नुसता सदरा? हात डोक्यावर नेता यायला हवेत का? बटण लावून चालता की उघडाच? खिशात काय ठेवता, शिट्टी ठेवत असाल तर तो खिसा खोल पाहिजे. उजवा खांदा खाली आहे तुमचा, सगळी वर्षं पोरांना त्याच हाताने ओढून काढता का? बाई उत्तरं देत होती, वळ म्हटलं की वळत होती.

शेवटी तिने हात खाली घेतले. "मामा, एका कोटासाठी तुम्ही मला वीस प्रश्न विचारलेत. खोलीसाठी एकही विचारला नव्हता."

मामांचा खडू जिथल्या तिथे थांबला. "कोट माझ्या हातात असतो," ते म्हणाले. "चुकला तर उसवता येतो. खोली कशी उसवणार? म्हणून मीच ठरवून टाकायचो."

दारात भाची उभी होती, ओल्या टॉवेलांची बादली घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"उद्यापासून खाली ये," ती म्हणाली. "मला धुणं आहे. पण पाहुण्याला विचारायचं. काय विचारायचं ते विचार. आणि विचारून, सांगून झाल्यावर तो म्हणेल तीच खोली. नळ नाही, वीज नाही, उंदीर नाही."

"उंदीर मला सुचलाच नव्हता," मामा म्हणाले.

"म्हणूनच आधी सांगून ठेवते."

मी निघालो त्या दिवशी मामा परत काउंटरवर होते. समोर बॅग ओढत आलेला एक गोल गृहस्थ, त्याच्यामागे एक जोडपं, त्यांच्यामागे हिशेब चुकता करायला थांबलेला मी. एका पाहुण्यापायी तिघांची रांग.

"झोप कशी आहे तुमची?" मामा विचारत होते. "सावध की गाढ?"

गृहस्थाने जिन्याकडे बघितलं. जिन्यात भाची चादरी घेऊन उभी होती. "सांगून टाका," ती म्हणाली. "सांगितल्याशिवाय चावी मिळत नाही."

"सावध आहे. मांजर चाललं तरी जाग येते."

"कुशीवर झोपता की पाठीवर?"

"कुशीवर."

"मग ऐका. तुम्ही सहा नंबर घेतलीय. समोर घड्याळाचा मनोरा. तासाला टोले, अर्ध्या तासाला आणखी एक. खाली तीन नंबर रिकामी आहे, अंगणाकडची, मुंगीसुद्धा आवाज न करता जाते."

गृहस्थाने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून. "नको," तो म्हणाला. "तो मनोरा मला फोटोत फार आवडला. सहाच द्या."

मामांनी नाकातून एक लांब श्वास सोडला. जिन्यात भाची खाकरली. मामांनी फळीवरून सहाची चावी काढली, एकदा त्या गृहस्थाच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघितलं आणि चावी पुढे केली. गृहस्थाने ती धरली. पण मामांची दोन बोटं काही लगेच सुटली नाहीत. त्याला ती जरा ओढूनच घ्यावी लागली.